कुलपातला थर्मोस्टॅट

शनिवारी सकाळी गी-वान सुवॉनहून गाडी हाकत जेचनला आला, तो थेट आईच्या मागच्या खोलीत शिरला. बूट त्यानं दारात काढले, पण कोट अंगावरच ठेवला. त्याची आई पिल-सून जिथं गादी घालायची त्या कोपऱ्यातलं पिवळं लिनोलियम ताटाएवढ्या गोलात तपकिरी झालं होतं. गादीची कडही करपली होती. तो उकिडवा बसला, हात टेकवला आणि झटक्यात उचलला. जमीन आता थंडगार होती, तरीही.

"फोनवर म्हणालीस थोडं गरम झालं होतं," तो म्हणाला.

"थोडं जास्तच झालं होतं."

"आई, आग लागली असती."

"जमिनीखाली बॉयलरच्या गरम पाण्याच्या नळ्या आहेत. पाण्याला आग लागल्याचं मी अजून ऐकलं नाही," पिल-सून म्हणाली.

तो हसला नाही. उठून बैठकीच्या खोलीत गेला आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे पाहिलं. चकती अठरावर होती.

"अठरावर आहे."

"कालही अठरावरच होती. बॉयलर मात्र पेटलेला. दुपारभर पेटलेला."

"म्हणजे आपोआप?"

"आपोआप."

गी-वाननं नजर चकतीवरून काढली नाही, आणि त्याला काय आठवतंय हे पिल-सूनला कळलं. त्या घरात 'आपोआप' हा शब्द फार वापरून झिजला होता. तिचा नवरा दु-सप रेल्वेत होता. शेवटची दोन वर्षं त्याचं डोकं सुटत गेलं, तेव्हा गॅस आपोआप पेटायचा, चष्मा आपोआप तांदळाच्या डब्यात जायचा, दार आपोआप उघडं राहायचं. एका जानेवारीत तो पहाटे चपला न घालता मालगाड्यांच्या यार्डापर्यंत चालत गेला. त्या थंडीनं धरलेल्या न्यूमोनियातून तो उठला नाही. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

ऑक्टोबरअखेर बॉयलर सुरू केल्यापासून हे चाललं होतं. एखाद्या सकाळी जमीन बर्फासारखी. एखाद्या दुपारी पाय ठेववत नाही इतकी तापलेली. बांग नावाचा बॉयलर दुरुस्त करणारा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तो आला तेव्हा बॉयलर सरळ चालत होता, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर पोरं बसतात तसा. दुसऱ्या वेळी त्यानं तिच्यासमोरच गी-वानला फोन लावला. "मशीन ठणठणीत आहे साहेब. आजी बटण फिरवतात आणि विसरतात. या वयात होतं."

"तुझी आजी मी कधी झाले?" पिल-सून त्याला म्हणाली होती. "तुझ्या आईनं मला कळवलं नाही."

बांगनं मान खाली घालून हत्यारं गोळा केली. पण बोललेला शब्द सुवॉनला पोचला होता. त्या दिवसापासून पिल-सून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज सकाळी लिहू लागली. 'थंड.' 'बरी.' 'तापली, चकती अठरावर.' गी-वाननं ते कॅलेंडर पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा आणखीच पडला. आई आता सगळं लिहून ठेवते, असं तो बायकोला फोनवर हळू आवाजात सांगताना तिनं ऐकलं.

तर त्या शनिवारी गी-वाननं पिशवीतून एक पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा काढला. सरकारी कार्यालयांत येणाऱ्याजाणाऱ्यानं थर्मोस्टॅटला हात लावू नये म्हणून बसवतात तसला, पुढं छोटं कुलूप असलेला. चकती बावीसवर करून त्यानं डबा थर्मोस्टॅटवर बसवला, चार स्क्रू पिळले, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली.

पिल-सून हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिच्या हातात मुळ्याच्या सुपाचा डाव होता.

"उद्या फ्रिजला लाव," ती म्हणाली. "परवा माझ्या तोंडाला."

"आई, थोडे दिवस. आणि शुक्रवारी मी रजा काढलीय. वोन्जूला एक वृद्धाश्रम आहे, डोंगराच्या बाजूला. नुसतं जाऊन बघून घेऊ."

"मला बघून घेणार की त्यांना?"

"आई."

"सूप निवतंय. जेव आणि जा. घाटात बर्फ पडायच्या आत पोच."

तो जेवला. जाताना दारात वाकून त्यानं तिच्या चपला सरळ करून ठेवल्या, तो लहानपणापासून करायचा तसं. तिचा राग त्यामुळं उतरला नाही, पण राग धरायला जागा मात्र कमी झाली.

रविवार आणि सोमवार बरे गेले. बाहेर उणे बाराची थंडी होती आणि घर बावीसवर ऊबदार. म्हणजे कुलूप लागल्यावर सगळं सरळ झालं. पिल-सून गोड बटाटे उकडून खात बसली आणि तिच्या मनात जे येऊ नये ते आलं. आपणच फिरवत असू का चकती? दु-सपलाही वाटायचं नाही की तो फिरवतो. ज्याचं हरवतं त्यालाच ते हरवल्याचं शेवटी कळतं. सोमवारी संध्याकाळी तिनं स्वतःची परीक्षा घेतली. कारखान्यातल्या जुन्या सहकारी बायकांची नावं आठवून म्हणाली, बसल्या जागेच्या क्रमानं. सोळा जणींपैकी पंधरा आल्या. सोळावीचा चेहरा आला, नाव आलं नाही. ती अस्वस्थ झाली.

तरुणपणी सोलमध्ये गुरो भागातल्या कारखान्यात तिनं अकरा वर्षं रेडिओ बनवले होते. पहिली चार वर्षं सोल्डरनं तारा जोडायला, पुढची सात तपासणीच्या बाकावर. बंद पडलेले, खरखरणारे, मध्येच गप्प होणारे रेडिओ तिच्यासमोर येत. दोष शोधायचा आणि त्यावर खडूनं खूण करायची. अधूनमधून येणारा दोष सगळ्यात वाईट, हे तिला त्या बाकानं शिकवलं होतं. तपासायला घेतलं की रेडिओ गातो, खोक्यात घातलं की मुका होतो. अशा रेडिओला नव्या मुली 'ठीक आहे' म्हणून पुढं ढकलत. पिल-सून ढकलत नसे.

मंगळवारी सकाळी जमीन बर्फ होती. थर्मोस्टॅटवर बावीस, आणि पारदर्शक डब्याच्या आत तो 'ऊब हवी' म्हणून छोटी ज्योत दाखवत होता. बॉयलर मात्र मुका. तिनं दोन मोजे घातले, गादीचे अभ्रे धुतले आणि बोळातल्या भिंतीवरच्या दांडीवर वाळत टाकले. अर्ध्या तासात मागच्या बंद बाल्कनीत बॉयलर घुरघुरला आणि मग थांबेचना. अकरा वाजता खोली सव्वीसवर. डब्यातल्या थर्मोस्टॅटची ज्योत केव्हाच विझली होती. तो बिचारा 'पुरे' म्हणत होता आणि बॉयलर ऐकत नव्हता.

पिल-सून त्या कुलपासमोर उभी राहिली. मग तिला हसू आलं, पोटातून. किल्ली सुवॉनला होती, सव्वाशे किलोमीटरवर. त्याहून चांगला साक्षीदार तिला कुणी दिला नसता.

तिनं मुलाला फोन लावला. "गी-वान, किल्ली कुठंय?"

"माझ्याकडं. का?"

"तुझ्या कुलपाच्या आत चकती बावीसवर आहे. घर सव्वीसवर आहे. बॉयलर तासभर पेटलेला आहे. आता सांग, कुणी फिरवली?"

पलीकडं ऑफिसातला गोंगाट ऐकू आला. "आई, तू डबा काढलास का?"

"नाही."

"मग थर्मोस्टॅट बिघडला असेल. शुक्रवारी येतो तेव्हा बघू. तू मेन बंद करून ठेव." मग तो हळू आवाजात म्हणाला, "बाबाही असंच म्हणायचे गं. कुणी फिरवली म्हणून."

तिनं फोन ठेवला. झोंबायचं ते झोंबलं. पण आता शंका नव्हती, आणि शंका नसली की पिल-सूनचे हात आपोआप कामाला लागत. या 'आपोआप'ची तिला लाज वाटली नाही.

तिनं कपाटाच्या तळाशी ठेवलेला काट्याचा मीटर काढला, बॅटरी बदलली आणि शेजारच्या ओक-नामला हाक मारली. ओक-नाम तिच्याहून तीन वर्षांनी मोठी, गुडघ्यांनी बेजार आणि जिभेनं धडधाकट.

"गी-वानच्या आई, हे काय," ओक-नाम दारातूनच म्हणाली. "थर्मोस्टॅटला कुलूप? आमच्याकडं सून दारूला लावते."

"ताई, बस. मला एक माणूस हवाय. मी एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाला."

"मला विजेतलं काही कळत नाही."

"कळायला नको. सांगितलं तेवढं करायचं."

पिल-सूननं आधी बॉयलरची वीज बंद केली. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन डब्याचे चारही स्क्रू काढले. कुलूप शाबूत, डबा शाबूत, फक्त भिंतीवरून उतरलेला. तो तिनं कुलपासकट कॅलेंडरच्या खिळ्याला टांगला.

"तुझ्या पोराला एवढं कळलं नाही, स्क्रू बाहेरच्या बाजूला आहेत?" ओक-नाम म्हणाली.

"तो विम्यातला माणूस आहे. त्याला कागद कळतात."

थर्मोस्टॅटमागून दोनच बारीक तारा निघत होत्या. त्या भिंतीतून बोळाच्या कडेनं मागं बॉयलरपर्यंत जात. थर्मोस्टॅटला ऊब हवी झाली की तो त्या दोन तारा आतल्या आत जोडतो, पुरे झाली की सोडतो. जुनी, साधी व्यवस्था. पिल-सूननं दोन्ही तारा सोडवल्या आणि एकमेकींपासून लांब वाकवून ठेवल्या.

"आता थर्मोस्टॅट माझ्या हातात आहे," ती म्हणाली. "भिंतीशी त्याचा संबंध नाही. वीज लावते. बॉयलर पेटला तर चोर दुसराच."

वीज लावली आणि बॉयलर पेटला.

"अगं बाई," ओक-नाम म्हणाली. "मग बटणाला कुलूप घालून काय उपयोग?"

"तेच. चोर सोडून संन्याशाला फाशी."

मग तिनं पुन्हा वीज बंद करून बॉयलरच्या बाजूच्या दोन तारा सोडवल्या आणि वीज लावली. बॉयलर शांत राहिला. दोन बोटांएवढी तार घेऊन तिनं त्याच जागी जोड दिला. बॉयलर पेटला. तार काढली, विझला. पुन्हा जोडली, पुन्हा पेटला. सहा वेळा केलं, सहाही वेळा तो शहाण्यासारखा वागला.

"बॉयलरही चोर नाही," पिल-सून म्हणाली. "राहिली मधली तार. भिंतीतली."

"म्हणजे भिंत फोडायची?"

"आधी मोजायची."

तिनं बाल्कनीत स्टूल घेतलं आणि भिंतीतून येणाऱ्या दोन तारांना मीटर लावला. तिकडची टोकं सुटी होती, म्हणजे काटा झोपून राहायला हवा. तो उभा होता. दोन तारा कुठंतरी भिंतीत एकमेकींना टेकल्या होत्या. हाही दोष अधूनमधूनचा, म्हणजे काहीतरी हलतं तेव्हा येणारा. पण काय हलतं? तिनं ओक-नामला दारं आपटायला लावली. टीव्हीमागची भिंत ठोकायला लावली. काटा हलला नाही.

"माझे गुडघे संपले," ओक-नाम बोळात जमिनीवर बसून म्हणाली. "आणि इथं तुझे ओले अभ्रे माझ्या डोक्यावर गळतायत. हे उचलते आधी." तिनं दांडीवरचे जड अभ्रे ओढून टोपलीत टाकले.

बाल्कनीत काटा धप्पकन झोपला.

पिल-सून काट्याकडं बघत राहिली. "ताई, आत्ता काय केलंस?"

"काही नाही. तुझी धुणी काढली."

"दांडी धर. खाली ओढ."

"मला चहा हवाय, दांडी नको."

"चहा देते. आधी ओढ."

ओक-नामनं दांडी धरून उठायचा प्रयत्न केला. काटा उभा राहिला. तिनं सोडली. काटा झोपला.

मग पिल-सूननं पुढं जाऊन थर्मोस्टॅटकडची टोकं एकमेकींना पीळ देऊन जोडली. आता काटा उभाच राहायला हवा. राहिला. ओक-नामला तिनं दांडी वर ढकलायला सांगितली. काटा पडला. थोडी सोडली, काटा थरथरत उठला. एकाच जागी दोन दुखणी होती. एक तार जवळजवळ तुटलेली, आणि तीच दुसरीला मध्येच चिकटणारी. ओलं धुणं टाकलं की दांडी खाली बसे आणि बॉयलर पेटून राही. धुणं वाळून हलकं झालं की तार सुटे आणि घर गारठे.

ती बोळात आली. दांडी स्टीलची होती, म्हाताऱ्या माणसांनी धरून चालायची. बॉयलर सुरू व्हायच्या आधी, शरदातल्या छुसोकच्या सणाला गी-वान सगळ्यांना घेऊन आला होता, तेव्हा तिला न विचारता त्यानं ड्रिल काढून ती बसवली. पुढं लागेल, असं म्हणाला होता. पिल-सूननं ती एकदाही धरली नव्हती. तिनं तिच्यावर टॉवेल वाळवले, मुळ्याचा पाला वाळवला, अभ्रे वाळवले.

तिनं बोट ठेवून तारेची वाट भिंतीवरून चाचपत नेली. दांडीच्या मधल्या पट्टीच्या वरच्या स्क्रूपाशी ती येऊन थांबली.

"काढ तो," ओक-नाम म्हणाली.

"नाही. हात लावायचा नाही. शुक्रवारी त्याच्या हातानं काढवते."

"तोवर थंडीत मरशील."

"का? बॉयलर माझं ऐकतो."

आणि तीन दिवस तिनं घर हातानं तापवलं. थंडी वाटली की वीज बंद, तारेचा तुकडा बॉयलरला जोडायचा, वीज चालू. ऊब झाली की काढायचा. ती घड्याळ लावून बसे आणि जोडलेली तार सोडून घराबाहेर पडत नसे. ओक-नाम बुधवारी आणि गुरुवारी दुपारी येऊन गरम जमिनीवर पाय पसरून संत्री सोलत बसली. बुधवारी पिल-सूननं बांगला फोन केला. शुक्रवारी अकरा वाजता ये, असं सांगितलं. मशीन बिघडलंय का, त्यानं विचारलं. मशीन ठणठणीत आहे, ती म्हणाली, तूच म्हणाला होतास.

शुक्रवारी गी-वान आला तेव्हा बांग आधीच बैठकीत बार्लीचा चहा पीत होता. भिंतीवर उघडा पडलेला थर्मोस्टॅट आणि खिळ्याला टांगलेलं कुलूप पाहून गी-वाननं डोळे मिटून घेतले.

"आई, हे काय केलंस?"

"ओरडायचं असेल तर नंतर. आधी कोट काढ आणि इथं बस." तिनं त्याला बाल्कनीतल्या स्टुलावर बसवलं आणि मीटर त्याच्या हातात दिला. "या काट्याकडं बघ. मी जे करते त्याकडं बघू नकोस. काटा उठला की 'उठला' म्हण, पडला की 'पडला' म्हण."

"आपल्याला एक वाजता वोन्जूला..."

"काट्याकडं बघ."

थर्मोस्टॅटकडची टोकं तिनं पुन्हा सुटी केली होती. तिनं बांगला दांडीपाशी उभं केलं. ओढ, ती म्हणाली. बाल्कनीतून आवाज आला, "उठला." सोड. "पडला." ओढ. "उठला." सोड. "पडला." पाचव्या वेळेला बांगला सगळं उमगलं. तो स्वतःहून दांडी हलवायला लागला, आधी जोरात, मग एका बोटानं.

"मावशी," तो म्हणाला. या वेळी आजी म्हणाला नाही. "हे मी दोनदा आलो तेव्हाच बघायला हवं होतं."

"दोनदा येऊन तू बॉयलर बघितलास आणि मला बघितलंस. मधलं कुणी बघितलं नाही."

गी-वान बोळात आला. त्याच्या हातात मीटर तसाच होता. त्यानं बांगचं बोट कशावर आहे ते पाहिलं, दांडी पाहिली, वरचा स्क्रू पाहिला. पिल-सूननं त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. त्यानं स्क्रू सोडवला, तो निघता निघेना इतका लांब होता, आणि शेवटच्या आट्यांवर तांब्याची एक केसाएवढी चकाकणारी तार गुंडाळून बाहेर आली.

"हा मी बसवला," तो म्हणाला.

"हो."

"तू पडू नयेस म्हणून."

"माहीत आहे."

बांगनं टोपी उचलली. नीट जोड द्यायला उद्या माणूस पाठवतो, म्हणाला. माणूस घरातच आहे, पिल-सून म्हणाली, आणि त्याला दारापर्यंत पोचवून आली.

आत येईपर्यंत गी-वान खाली बसला होता, भिंतीला टेकून.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "कुलपाची तर झालीच. पण आई, आज दोष तारेत निघाला. उद्या?"

"उद्या माझ्यात निघाला तर मला मीटर लाव. लावल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. मी तुझी विम्याची फाइल नाही."

"बाबांच्या वेळी मला उशिरा कळलं. तू एकटीनं काढलंस सगळं. मी महिन्यातून एकदा यायचो आणि ते मला ओळखून हसायचे, मला वाटायचं बरे आहेत. या वेळी लवकर कळावं एवढंच..."

पिल-सून त्याच्या समोर बसली. हे तिला आजवर त्यानं सांगितलं नव्हतं.

"लवकर कळणं वेगळं आणि आधीच ठरवणं वेगळं," ती म्हणाली. "मी एकटी राहते याची तुला भीती वाटते. वाटू दे. मलाही कधीकधी वाटते. त्याबद्दल बोलायचं तर त्याबद्दल बोल. ते सोडून तू बटणाबद्दल बोललास, कॅलेंडरबद्दल बोललास. चार महिने मी खरं सांगत होते आणि तू माझ्या खऱ्यात बाबा शोधत होतास. त्या सोमवारी मीही शोधायला लागले होते. ते मी तुला लवकर माफ करणार नाही."

"नको करूस."

"आणि या घरातून मी जाईन तेव्हा माझ्या पायानं जाईन, मी ठरवलेल्या दिवशी. कदाचित जाणारच नाही."

तो मान हलवत राहिला. ती मान हो म्हणत होती की नाही, हे त्यालाही माहीत नसावं.

"चल," ती म्हणाली. "टॉर्च धर."

तिनं भिंतीवरचा कागद चौकोनी कापून सोलून काढला, मागच्या लाकडी फळीतलं भोक मोठं केलं आणि जखमी तारा बाहेर ओढल्या. दोन्ही तारांचा खराब भाग कापून मध्ये नवे तुकडे घातले, दोन जोड शेजारीशेजारी येणार नाहीत असे पुढंमागं ठेवून. सोल्डरिंग आयर्न तापलं तेव्हा राळेचा तो जुना वास बोळात पसरला. पहिला जोड झाला तो तिनं बोटानं फिरवून पाहिला आणि कापून टाकला.

"का? धरला होता की," गी-वान म्हणाला.

"वरून धरलाय. आत थंडच राहिला, वितळून भिनला नाही. महिन्याभरात सुटेल." तिनं पुन्हा तारा सोलल्या. दुसरा जोड पाण्यासारखा वाहिला आणि चकचकीत झाला. चारही जोड झाल्यावर तिनं त्यांवर प्लॅस्टिकची नळी चढवली, टेप गुंडाळला, मीटर लावला आणि मुलाला भिंत ठोकायला, दार आपटायला, बोळात उड्या मारायला लावलं. बेचाळीस वर्षांचा माणूस मोजे घालून उड्या मारत होता. काटा हलला नाही.

थर्मोस्टॅट आणि बॉयलर तिनं पुन्हा तारांना जोडले. दुपारी तीनपासून बर्फ पडायला लागलं आणि पाचला घाटातला रस्ता बंद झाल्याचं रेडिओनं सांगितलं. गी-वाननं बायकोला फोन करून उद्या येतो म्हणून कळवलं. काय झालं ते मात्र त्यानं स्वतःच सगळं सांगितलं, स्क्रूसकट, काही न वगळता. पिल-सून स्वयंपाकघरात ते ऐकत आंबवलेल्या कोबीची किमची चिरत होती. तिनं मोठा तुकडा त्याच्या ताटात वाढला.

शनिवारी सकाळी आठ वाजता चकती बावीसवर होती, घर बावीसवर होतं आणि गी-वान मागच्या खोलीत तोंड उघडं टाकून झोपला होता, पांघरूण पायांनी लाथाडून. पिल-सूननं दार लोटून घेतलं आणि वोन्जूला फोन लावला. पलीकडं एक तरुण, गोड आवाजाची बाई होती.

"काल आपण येणार होता," ती म्हणाली. "श्रीमती नोह पिल-सून यांच्यासाठी. आपण त्यांच्या कोण?"

"मीच ती."

"हो का. बरं. मग दुसरी तारीख देऊ का? पुढच्या शुक्रवारी एक खोली..."

"तारीख नको. नाव काढा."

थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "अर्ज आपल्या मुलाच्या नावानं आहे. तो रद्द करायला त्यांना विचारावं लागेल. त्यांना माहीत आहे का?"

"तो झोपलाय माझ्या घरात, माझ्या जमिनीवर," पिल-सून म्हणाली. "उठला की कळेल त्याला. तुम्ही तोवर नाव खोडा, मी थांबते."

आणि पलीकडून खोडल्याचं सांगेपर्यंत ती खरोखर फोन धरून उभी राहिली.